दोष आईच्या माथी का?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ब्रिटनमध्ये माता-बालकल्याण केंद्रे उभी राहिली. बाळाचे दर आठवड्याला वजन करायचे, डॉक्टरीणबाईंचा सल्ला घ्यायचा, घरी येणाऱ्या आरोग्य-सेविकेच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. काही ठिकाणी स्वस्त दूध किंवा एक वेळचे जेवणही मिळायचे. याच काळात तान्ह्या बाळांचे मरणही झपाट्याने घटले. १८९९ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १६३ बाळे वर्षाची होण्याआधीच गेली. १९२० साली हा आकडा ८० वर आला आणि १९३० साली ६० वर. या दोन गोष्टी शेजारी ठेवून एक निष्कर्ष काढला जातो, आणि तो भाषणांत व आरोग्यशिक्षणाच्या पुस्तकांत आजही भेटतो: गरीब घरातल्या आया अडाणी होत्या, केंद्रांनी त्यांना शहाणे केले, म्हणून बाळे जगली.

हा निष्कर्ष त्या आयांवर अन्याय करणारा आहे. शिवाय तो त्या काळातल्याच पुराव्यापुढे टिकत नाही.

आधी या आरोपाचा उगम पाहू. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धासाठी भरतीला आलेले कामगारवस्तीतले तरुण मोठ्या संख्येने अपात्र ठरले आणि साम्राज्याला आपल्या पुढच्या पिढीची धास्ती वाटू लागली. चौकशी समिती बसली. शारीरिक ऱ्हासावरचा तिचा अहवाल १९०४ साली आला. घरे, धूर, अन्न या सगळ्यांबद्दल त्यात लिहिले होते, तरी मुलींना गृहकृत्याचे धडे देण्याची शिफारस सरकारला सर्वांत सोयीची वाटली, कारण ती सर्वांत स्वस्त होती. १९०६ साली डॉ. जॉर्ज न्यूमन यांनी बालमृत्यूंवर ग्रंथ लिहिला आणि आईचे अज्ञान व हयगय यांना कारणांच्या यादीत वरची जागा दिली. त्याच वर्षी लंडनमध्ये बालमृत्यूंवर राष्ट्रीय परिषद भरली. तिचे अध्यक्ष जॉन बर्न्स हे मंत्री होते, बॅटरसीच्या गरीब घरात वाढलेले होते आणि गोदी कामगारांच्या संपात पुढे असलेले होते. त्यांनीही बोट दाखवले ते कारखान्यात जाणाऱ्या विवाहित बाईकडे.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सगळ्या बळानिशी ऐकायला हवे. ते म्हणतात, १९०० ते १९१४ या काळात कामगारांची खरी मजुरी वाढली नाही, तरी बाळांचे मरण कमी झाले. मग गरिबीला दोष कसा देता? ते हडर्सफील्डचे उदाहरण देतात. तिथले महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी लाँगवुड भागात आपल्या कारकिर्दीत जन्मलेले बाळ वर्षाचे झाले की एक पौंड देण्याचे जाहीर केले. बायका घरोघर जाऊन सल्ला देऊ लागल्या आणि तिथला मृत्युदर घसरला. ते लंडनच्या पूर्व भागातल्या यहुदी स्थलांतरितांचेही उदाहरण देतात. घरे कोंदट, कमाई तुटपुंजी, तरी त्यांची बाळे शेजाऱ्यांच्या बाळांपेक्षा कमी मरत होती. मग फरक आईच्या रीतीभातीचाच नव्हे काय?

पहिला मुद्दा कालक्रमाचा. सेंट पँक्रसची प्रसिद्ध ‘मातांची शाळा’ १९०७ साली निघाली. जन्माची खबर आरोग्य अधिकाऱ्याला देण्याचा कायदा त्याच वर्षीचा, पण तो लागू करायचा की नाही हे प्रत्येक नगरपालिकेवर सोडलेले होते. तो देशभर सक्तीचा झाला १९१५ साली. केंद्रांच्या निम्म्या खर्चाचे सरकारी अनुदान १९१४ च्या जुलैअखेरीस जाहीर झाले. आता मृत्यूचे आकडे पाहा: १९०० साली १५४, १९१० साली १०५, १९१२ साली ९५. म्हणजे केंद्रांचे जाळे विणले जाण्याआधीच मोठी घट होऊन गेलेली होती. जी केंद्रे अजून उघडलीच नव्हती, त्यांच्या शिकवणीला हे श्रेय कसे देणार?

त्यातही १९११ हे साल नीट पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी उन्हाळा लांबला, कडक झाला आणि दर एकदम १३० वर चढला. पुढच्याच वर्षी तो ९५ वर उतरला. देशभरच्या आया एका उन्हाळ्यात शिकलेले सगळे विसरल्या आणि पुढच्या वर्षी त्यांना ते पुन्हा आठवले, असे मानायचे का? त्या उन्हाळ्यात बाळांना मारले ते हगवणीने. उघडे उकिरडे, घराला लागून असलेले खड्ड्याचे संडास, रस्त्यावरची घोड्यांची लीद, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या आणि तासाभरात नासणारे दूध यांतून ती हगवण येत होती. १८९० च्या दशकाच्या अखेरचे उन्हाळेही असेच जीवघेणे होते. संडासांच्या जागी पाण्याचे शौचकूप आले, रस्ते झाडले जाऊ लागले, कुटुंबे लहान झाली, तसतसे मरण हटत गेले. मजुरी वाढली नाही हे खरे. पण गरिबी म्हणजे नुसती मजुरी नव्हे. दाराशी गटार आहे की नाही, नळ अंगणात आहे की गल्लीच्या टोकाला, एका खोलीत किती जण झोपतात, यांतही ती मोजावी लागते.

हे त्या काळच्या सरकारी आकडेवारीतच स्पष्ट दिसते. १९११ सालचे बालमृत्यू बापाच्या व्यवसायाप्रमाणे मांडले गेले. वरच्या वर्गात दर हजारी ७६, अकुशल मजुरांत १५३, खाणकामगारांत १६० आणि शेतमजुरांत ९७. शेतमजूर हा त्या देशातला जवळजवळ सर्वांत कमी कमावणारा माणूस. खाणकामगाराची कमाई त्याहून कितीतरी जास्त. शेतमजुराची बायको खाणकामगाराच्या बायकोपेक्षा जास्त शिकलेली होती, असे कोणी म्हणू शकेल का? तिच्याकडे मोकळी हवा होती आणि शेजारच्या दाट वस्तीची घाण तिच्या उंबऱ्यापर्यंत येत नव्हती. फरक पडला तो तिथे.

याच आकड्यांनी बर्न्स यांचा मुद्दाही खोडला जातो. डरहॅम आणि दक्षिण वेल्सच्या खाणपट्ट्यांत विवाहित बाईला घराबाहेर काम मिळतच नव्हते. ती दिवसभर घरी, बाळापाशी होती. तरी तिथली बाळे देशात सर्वाधिक मरणाऱ्यांत होती. बर्मिंगहॅमच्या आरोग्य खात्याने १९१० च्या सुमारास गरीब वस्त्यांची पाहणी केली, तेव्हाही आईच्या नोकरीपेक्षा घरातली ओढगस्त हीच बाळाच्या जिवावर उठते, हेच दिसून आले. कामावर जाणारी आई निदान चार पैसे घरात आणत होती.

आणि अज्ञानाबद्दल सरकारचे मुख्य वैद्यकीय अधिकारी काय म्हणत होते? आर्थर न्यूजहोम यांनी १९१० च्या अहवालात लिहिले की कामगारवर्गातली आई आरोग्याच्या बाबतीत इतर वर्गांतल्या आयांपेक्षा फारशी अधिक अज्ञानी आहे, असे मानायला आधार नाही. श्रीमंत घरातली आई चुकली तरी दाई, डॉक्टर, मोठे घर आणि स्वच्छ पाणी तिची चूक सावरून घेत होते. गरीब आईच्या चुकीला क्षमा नव्हती. त्याच अहवालात त्यांनी आणखी एका क्रूर मताला उत्तर दिले. दुर्बळ बाळे मरतात ते वंशाच्या हिताचेच, असे तेव्हाचे काही सुप्रजननवादी सांगत होते. न्यूजहोम यांनी दाखवले की जिथे तान्ही बाळे जास्त मरतात, तिथे एक ते पाच वर्षांची मुलेही जास्त मरतात. म्हणजे ती परिस्थिती दुर्बळांना वेगळे काढत नव्हती, मागे उरलेल्यांनाही खिळखिळे करत होती.

आता त्या ‘अडाणी’ आईच्या स्वयंपाकघरात जाऊ. १९०९ पासून समाजवादी विचारांच्या फेबियन महिला गटाच्या बायका लंडनच्या लॅम्बेथमधल्या कामगार कुटुंबांकडे दर आठवड्याला जात होत्या. मॉड पेंबर रीव्ह्ज यांनी त्यावर १९१३ साली ‘राउंड अबाउट अ पाउंड अ वीक’ हे पुस्तक लिहिले. ही कुटुंबे दरिद्री म्हणून गणली जाणारी नव्हती. बाप कामावर होते, निर्व्यसनी होते आणि आठवड्याला एक पौंडाच्या आसपास मिळवत होते. त्यातला तिसरा हिस्सा भाड्यात जायचा. त्या काळी सुखवस्तू बायकांचा आवडता उपदेश होता: मुलांना ओटची लापशी द्या, स्वस्त आहे, पौष्टिक आहे. लॅम्बेथच्या बाईने त्याचे उत्तर दिले. घरात एकच जुने, बुडाला लागणारे पातेले. त्यातच मासे, त्यातच बटाटे. लापशी ढवळत उभे राहायला वेळ नाही, जळणाला पैसे नाहीत. करपलेली लापशी दुधासाखरेवाचून मुले तोंडाला लावत नाहीत, आणि दूधसाखर असती तर उपदेशाची गरजच काय होती? पाव मात्र कापला की झाले, भांडे नको, जाळ नको. हे अज्ञान नाही, हा हिशेब आहे, आणि तो उपदेश करणारीपेक्षा तिला अधिक पक्का येत होता. त्याच हिशेबात दर मुलामागे आठवड्याला एक पेनी मर्तिकाच्या विम्याची होती. मूल दगावले तर त्याला धर्मादाय खड्ड्यात पुरावे लागू नये, म्हणून आई जिवंत मुलांच्या घासातून ती पेनी काढत होती. अशा आईला हयगयीची म्हणण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

लांब रबरी नळीची बाटली आणि साय काढलेले डब्यातले दूध या दोन गोष्टींवरून तर आयांना सर्वांत जास्त बोल लावले गेले. दोन्ही वाईटच होत्या. ती नळी आतून धुताच येत नसे आणि त्या दुधात स्निग्धांश नसे. पण ती बाटली उघड्या बाजारात विकली जात होती. फ्रान्सने १९१० साली कायदा करून तिची विक्रीच बंद केली. ब्रिटनने विक्री चालू ठेवली आणि आईला भाषणे दिली. डब्याचे दूध ती का घेत होती? ताजे दूध महाग होते, वाटेत घाण होत होते, क्षयाचे जंतू घेऊन येत होते आणि तिच्याकडे ते टिकवायला थंड जागा नव्हती. दुधाच्या शुद्धतेचा व्यापक कायदा १९१५ साली संमत झाला, पण युद्धाचे कारण सांगून पुढे ढकलला गेला आणि अमलात आला तो १९२५ साली. दहा वर्षे दूधवाल्याला मुदत मिळाली. आईला एका आठवड्याचीही मिळाली नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या बाळाचे वजन होणार होते आणि उत्तर तिला द्यायचे होते.

मग हडर्सफील्ड आणि लंडनचे यहुदी मोहल्ले? ही उदाहरणे प्रतिपक्षाच्या नव्हे, आमच्या बाजूने बोलतात. पूर्व लंडनच्या यहुदी बायका अंगावर जास्त काळ पाजत होत्या, हे खरे. पण त्यांना ते कशामुळे साधत होते, हेही विचारा. ॲलिस मॉडेल यांच्या पुढाकाराने १८९५ साली तिथे एक संस्था निघाली होती. ती बाळंतिणीच्या घरी मदतनीस बाई पाठवत असे. ती बाई स्वयंपाक करी, कपडे धुई, मोठी मुले सांभाळी. बाळंतिणीला अंथरुणावर पडून राहायला मिळे. समाजाने तिला विसावा दिला होता. सेंट पँक्रसच्या केंद्रातही नुसते धडे नव्हते. तिथले आरोग्य अधिकारी डॉ. जॉन साइक्स यांनी आई आणि मूल यांना एकच मानले होते, म्हणून तिथे पाजणाऱ्या आईला अल्प दरात भरपेट जेवण मिळे. आई जेवली तर पान्हा टिकेल, इतके ते सरळ होते. आणि हडर्सफील्डचा एक पौंड म्हणजे लॅम्बेथच्या एका घराची आठवड्याची सगळी कमाई. केंद्रांचा उपयोग झालाच, पण जिथे झाला तिथे सल्ल्यासोबत ताट होते, मदतीचा हात होता किंवा पैसा होता.

इथे दुसऱ्या बाजूच्या टीकाकारांनाही उत्तर द्यायला हवे. त्यांचे म्हणणे असे, की ही केंद्रे म्हणजे साम्राज्याला सैनिक पुरवण्यासाठी गरीब बाईवर ठेवलेली पाळत होती, दुसरे काही नाही. सैनिकांची चिंता होती हे वर आलेच आहे, आणि घरात डोकावून नाके मुरडणाऱ्या पाहुण्याही होत्या. पण एवढे म्हणून थांबणे म्हणजे त्या बायकांना पुन्हा एकदा मुक्या ठरवणे होय. पहिला पक्ष तिला अडाणी म्हणतो, दुसरा तिला बाहुली करतो. तिला स्वतःचे म्हणणे होते हे दोघेही विसरतात.

तिचे म्हणणे तिने लिहून ठेवले आहे. मार्गारेट लुएलिन डेव्हिस यांच्या नेतृत्वाखालच्या विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्डने कामगार घरांतल्या सभासदांकडून बाळंतपणाच्या हकिकती मागवल्या आणि त्यांतली १६० पत्रे १९१५ साली पुस्तकरूपाने छापली. बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत ओझी उचलणे, नवऱ्याला आणि मुलांना वाढून स्वतः उपाशी राहणे, गर्भपात, अंगावर काढलेली दुखणी, हे सगळे त्यांनी कोणतीही सजावट न करता सांगितले. त्याआधी १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात ३० शिलिंगांचा प्रसूतिलाभ याच चळवळीच्या आग्रहाने आला होता. तो नवऱ्याच्या हाती पडत होता. गिल्डने मोहीम चालवली आणि १९१३ साली कायदा दुरुस्त होऊन ती रक्कम बाईच्या हक्काची झाली. १९११ मध्येच विमेन्स लेबर लीगने नॉर्थ केन्सिंग्टनमध्ये बाळांचा दवाखाना काढला. युद्धकाळात स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या सिल्व्हिया पँकहर्स्ट यांनी पूर्व लंडनमधल्या एका बंद दारूगुत्त्याचे पाळणाघर आणि दवाखाना केले. १९१८ च्या माता-बालकल्याण कायद्याने नगरपालिकांच्या समित्यांवर निदान दोन बायका असाव्यात असे ठरवले. हे सगळे पाळत ठेवणाऱ्यांनी दान दिलेले नाही, बायकांनी मागून घेतलेले आहे.

त्यांनी मागितले आणि मिळाले नाही, त्याचीही नोंद हवी. त्यांना औषधोपचार हवे होते. खासगी डॉक्टरांच्या संघटनेला आपला धंदा बुडण्याची भीती वाटली, म्हणून बहुतेक केंद्रे वजन आणि सल्ला यांपुरतीच ठेवली गेली. बाळ आजारी दिसले की आईला सांगायचे, डॉक्टरकडे जा. आणि डॉक्टरच्या फीचे पैसे तिच्याकडे नाहीत हे सर्वांना ठाऊक होते. नॉर्थ केन्सिंग्टनचा दवाखाना वेगळा ठरला तो तिथे उपचार होत म्हणून.

त्यांना मुले थांबवण्याची माहिती हवी होती. १९२१ साली मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये संततिनियमनाचा दवाखाना काढला. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्वे यांनी तेच काम हाती घेतले. पण सरकारी अनुदानाच्या केंद्रांत हा विषय बंद होता. १९२२ साली एडमंटनमधल्या एका आरोग्य-सेविकेला, आयांनी विचारलेली ही माहिती दिली म्हणून नोकरीवरून काढले गेले. १९२४ साली शिष्टमंडळ आरोग्यमंत्री जॉन व्हीटली यांना भेटले. मंत्री मजूर पक्षाचे, तरी नकार आला. १९३० साली परवानगी मिळाली, तीही फक्त वैद्यकीय कारण असेल तर. दहा बाळंतपणांनी पिचलेल्या बाईला अकराव्या बाळाला आंघोळ कशी घालावी हे शिकवायचे आणि अकरावे टाळायचे कसे हे सांगणारीला कामावरून काढायचे, ही त्या धोरणाची खरी बाजू होती.

आणि आई स्वतः? बाळांचे मरण कमी होत असताना बाळंतपणातल्या आईचे मरण शतकाच्या सुरुवातीपासून १९३४ पर्यंत हजार बाळंतपणांमागे चारच्या आसपासच घुटमळत राहिले. ते उतरू लागले १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर. सल्फा औषधे आली, क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी ती सूतिकाज्वरावर वापरून पाहिली, १९३६ च्या कायद्याने पगारी, प्रशिक्षित सुईणींची व्यवस्था झाली. उपदेशाने आई वाचली नाही, औषधाने आणि निगेने वाचली.

हाच प्रश्न आपल्याकडेही कायदेमंडळात आला होता. १९२८ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, आणि तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही त्यात वाटा दिला पाहिजे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली तो कायदा झाला. त्या मांडणीत आईच्या अज्ञानाला जागा नव्हती. खर्च कोणाचा, एवढाच प्रश्न होता, आणि तोच खरा प्रश्न होता.

ज्ञान निरुपयोगी आहे, असे कोणी म्हणत नाही. बाळाला उकळलेले पाणी द्यावे हे सांगायलाच हवे. पण सांगणाऱ्याने आधी चूल, जळण आणि पाणी यांची चौकशी करावी, आणि ती नसतील तर तेवढीच कडक भाषा नगरपालिकेला, दूधवाल्याला आणि अर्थमंत्र्याला वापरावी. शतकभरापूर्वीच्या त्या केंद्रांचा मान राखायचा असेल, तर त्यांनी आयांना काय दिले आणि काय नाकारले यावरून त्यांचे मोल करा. यापुढे बाळ दगावल्यावर कोणी आईकडे बोट दाखवले, तर त्याला एवढेच विचारा: तिने काय मागितले होते, आणि ते तिला कोणी दिले नाही?